परत न आलेलं पत्र

"परत पाठवा, गिळू नका."

हे वाक्य ते दिवसातून पाच-सहा वेळा तरी म्हणत. म्हणताना उजव्या हाताचं बोट की-बोर्डच्या वर वीतभर अधांतरी धरत, जणू ते बोट खाली आलं तर कुणाचं तरी काहीतरी कायमचं जाणार आहे. पुढे ते तसंच झालं, म्हणून हे लिहितो आहे.

पनवेलच्या बाजारामागच्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे 'सर्व्हरवाले' म्हणत. मीही इथे तेवढंच म्हणणार आहे. मुनाफभाईंच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर त्यांची दहा बाय बाराची खोली होती. मुनाफभाई खाली अत्तर, सुकामेवा आणि आखातात जाणाऱ्यांची तिकिटं विकत. वर दोन कॉम्प्युटर, एक काळा यूपीएस आणि भिंतीला लावून एक लोखंडी बाक. बाकावर तक्रार घेऊन आलेली मंडळी. त्यांपैकी एक मी.

सर्व्हरवाले आधी तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. कारखाना बंद पडला तेव्हा ते सेहेचाळीस वर्षांचे होते. त्या वयात ते कॉम्प्युटर शिकले आणि त्यांनी होस्टिंग सुरू केलं. अमेरिकेतल्या एका मोठ्या मशीनचा एक कोपरा त्यांनी भाड्याने घेतला होता आणि पनवेल-उरण भागातल्या बासष्ट धंद्यांचे मेल त्या कोपऱ्यात राहत. बासष्ट हा आकडा नक्की आहे, त्यांच्या वहीत बघून मी मोजला होता. पण मशीन अमेरिकेत आहे हे आमच्या लोकांना काही केल्या पटत नसे. सर्व्हर म्हणजे तो काळा यूपीएसच, अशी बहुतेकांची समजूत. एका दसऱ्याला नेऱ्याच्या एका शेठनी त्या यूपीएसला झेंडूची माळ घालून समोर नारळ फोडला. पाणी बोर्डात जाऊन सगळ्या मजल्याची वीज गेली.

"बगा, पावला," शेठ अंधारात म्हणाले.

सर्व्हरवाल्यांनी नुसता नारळ उचलून सगळ्यांना खोबरं वाटलं.

मी एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कागदपत्रांचं काम बघत असे. द्रोणागिरीच्या गोदामातून माल सुटायचा तर शिपिंग लाइनचा मेल यावा लागतो. तो एक दिवस आला नाही. पाठवणाऱ्याकडे तो परत गेला, त्याने मला त्या परतीचा प्रिंट फॅक्स केला आणि तो घेऊन मी रागारागाने जिना चढलो. ही दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. सर्व्हरवाल्यांनी तो फॅक्स दोन्ही हातांनी धरून वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा! परत आलंय. म्हणजे प्रामाणिक पत्र आहे हे."

"अहो, माझा माल अडकलाय."

"तो तासाभरात सुटेल. पण तुम्हाला कळलं ना, की पत्र पोचलं नाही? परत आलं म्हणून कळलं. गिळलं असतं तर तुम्ही त्या बिचाऱ्याला शिव्या देत बसला असता आणि तो तुम्हाला." मग बोट वर. "परत पाठवा, गिळू नका."

माल तासाभरात नाही, पन्नास मिनिटांत सुटला. तेव्हापासून मी त्या बाकावर तक्रारीशिवायही बसू लागलो.

स्पॅमच्या फिल्टरचं गणित त्यांनी मला शिकवलं ते याच बाकावर. आकड्यांचं असल्यामुळे मला ते लगेच समजलं. आलेल्या प्रत्येक मेलला फिल्टर गुण देतो, फक्त हे गुण वाईटपणाचे. विषयाची ओळ रिकामी असेल तर काही गुण. सगळी अक्षरं कॅपिटलमध्ये असतील तर काही. पाठवणारं मशीन जगाच्या ब्लॅकलिस्टमध्ये असेल तर बरेच. बेरीज पाचाच्या वर गेली की तो स्पॅम. कुठल्या खुणेला किती गुण द्यायचे, हे सर्व्हरवाल्यांना बदलता येई. दर शनिवारी ते चष्मा कपाळावर चढवून अर्ध्या-अर्ध्या गुणाचा विचार करत बसत.

पाचाच्या वर गेलेलं पत्रही ते पुसत नसत. वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवत, आणि जरा जास्तच वाईट असेल तर पाठवणाऱ्याकडे परत धाडत. रोज सकाळी ते फोल्डर स्वतः चाळत आणि फोन लावत.

"सर्व्हरवाला बोलतोय. तुमचं एक पत्र माझ्याकडे येऊन बसलंय. ओळखीचं आहे का बघा. कुणीतरी जर्मनीहून बॉल बेअरिंगबद्दल विचारतंय."

कधी ते खरंच जर्मनीहून असे. बहुतेकदा लॉटरी असे. पण बासष्ट गिऱ्हाइकांपैकी एकाचंही पत्र त्यांच्या हातून हरवलं नव्हतं, आणि याचा त्यांना गर्व होता. तो त्यांना शोभत असे.

त्यांचा एकुलता एक मुलगा त्यांच्याच हाताखाली शिकून तयार झाला. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. हुशार आणि उतावळा. त्याची एक सवय खोलीत सगळ्यांना ठाऊक होती. तो मराठी इंग्रजी अक्षरांत लिही, आणि तेही सगळं कॅपिटलमध्ये. विषयाची ओळ कधी भरत नसे.

"ओरडतोस कशाला?" बाजूच्या कॉम्प्युटरवरून वडील विचारत.

"लिहितोय बाबा, ओरडत नाहीये."

"वाचणाऱ्याला ओरडल्यासारखं वाटतं."

"वाचणारे तुम्हीच ना? मग चालतंय."

एकदा ते नेऱ्याचे शेठ डोंगराखालच्या फार्महाऊसच्या प्लॉटची जाहिरात घेऊन आले. त्यांच्याकडे कुणाकडून तरी घेतलेली एक सीडी होती, तीत अठरा हजार लोकांचे मेलचे पत्ते. सर्व्हरवाले त्या दिवशी अलिबागला लग्नाला गेले होते. मुलाने शेठना नाही म्हटलं नाही. दुपारी तीन वाजता त्याने अठराच्या अठरा हजार पत्रं सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं मशीन ब्लॅकलिस्टमध्ये गेलं. मशीन एक, त्याचा जगाला दिसणारा पत्ता एक. त्यामुळे एकाने केलेलं बासष्ट जणांना भोवलं. नऊ दिवस कुणाचाच मेल कुठे घेतला जाईना. बाकावर जागा पुरेना, लोक जिन्यावर बसले.

"ही सोसायटीची टाकी आहे," सर्व्हरवाले प्रत्येकाला समजावत. "एकानं तिच्यात पाय धुतले की सगळ्यांना तेच पाणी."

सगळ्यात जास्त आवाज नेऱ्याच्या शेठचा. "आमच्या मेलमुलं आमचाच मेल जात नाय? ही काय भानगड हाय? आमी पाय-बिय काय धुतले नाय!"

सर्व्हरवाल्यांचा एक छापील नियम होता, भिंतीवर चिकटवलेला. घाऊक मेल पाठवणाऱ्याला पहिल्या वेळी नोटीस, दुसऱ्या वेळी खातं बंद. शेठना त्यांनी नोटीस दिली. मग सगळ्यांच्या देखत ते मुलाच्या कॉम्प्युटरपाशी गेले आणि त्याचं स्वतःचं मेलचं खातं त्यांनी बंद केलं. पासवर्ड बदलला, पत्ताच पुसला.

मुलगा म्हणाला, "बाबा, शेठना नोटीस आणि मला एकदम बंद?"

"ते गिऱ्हाईक आहेत. त्यांना कळत नाही. तुला कळत होतं."

"मग मी कोण आहे?"

मुलाने मुनाफभाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो जिना उतरून गेला. नियमाप्रमाणे त्यालाही आधी नोटीस मिळायला हवी होती. हे मला त्याच क्षणी खटकलं. मी बिलातली चुकलेली पै सोडत नाही, पण त्या दिवशी गप्प बसलो. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट, असं मनाशी म्हणालो.

दीड महिन्यात तो शारजाला गेला. एका कॉम्प्युटरच्या दुकानातली ती नोकरी मुनाफभाईंच्याच मेव्हण्याने बघून दिली होती. निघताना तो आईच्या पाया पडला. वडील खोलीवर होते, तो तिकडे आला नाही. खाली मुनाफभाईंकडून तिकीट घेतलं आणि तिथूनच गेला. वर सर्व्हरवाल्यांना त्याचा आवाज ऐकू येत होता. ते मला नंतर म्हणाले, "मला वाटलं, जिना चढेल. मी विषयाच्या ओळीचे गुण बदलत बसलो होतो."

त्या सुमारास अमेरिकेतल्या कंपनीचं त्यांना एक कडक पत्र आलं. मशीन पुन्हा ब्लॅकलिस्टमध्ये जाण्याच्या बेतात आहे, आणि त्याचं एक कारण तुमची ही परत पाठवण्याची पद्धत. स्पॅम पाठवणारे खोटे पत्ते घालतात. तुम्ही परत पाठवता ते भलत्याच निरपराध माणसाच्या अंगावर जाऊन पडतं, आणि तो तुमच्याविरुद्ध तक्रार करतो. तेव्हा परत पाठवणं बंद करा. फार वाईट असेल ते गुपचूप पुसून टाका.

चार दिवस ते पत्र ते खिशात घेऊन फिरले. मला दोनदा वाचून दाखवलं.

"बरोबर आहे त्यांचं," मी म्हणालो. आकड्यांनी बघितलं तर बरोबरच होतं.

"बरोबर आहे म्हणूनच त्रास होतोय हो."

शेवटी त्यांनी ते केलं. पाच ते सात गुण पडतील ते वेगळ्या फोल्डरमध्ये. सातच्या वर जाईल ते पुसलं जाईल, कुणालाही न कळवता. शिवाय तेव्हा कॅपिटल अक्षरांत किंचाळणाऱ्या लॉटऱ्यांचा सुळसुळाट झाला होता, म्हणून कॅपिटलचा एक गुण त्यांनी वाढवून दोन केला. मुलगा गेल्यावर अकराव्या दिवशी हे झालं. तारीख त्यांच्या वहीत आहे.

मुलाने पोचल्यावर आईला फोन केला होता. "बाबांशी आत्ता नको. मी त्यांना मेल लिहितो. त्यांचं उत्तर आलं की बोलेन."

वहिनी, म्हणजे त्याची आई, रोज विचारत, "आलं का?" आणि सर्व्हरवाले रोज संध्याकाळी सांगत, "नाही अजून." त्यांना वाटत होतं, राग आहे, उतरायला वेळ लागेल. बापाने आधी लिहायला हवं होतं असं मी एकदा सुचवलं. ते म्हणाले, "कुठे लिहू? त्याचा पत्ता मीच पुसलाय. त्याचा नवा पत्ता त्याच्या पत्रातूनच कळणार."

तीन आठवड्यांनी पुन्हा फोन आला. पुढचं मी वहिनींच्या तोंडून ऐकलेलं जसंच्या तसं लिहितो.

"उत्तर नाही आलं ना, आई? ठीक आहे."

"अरे, तुझा मेलच आला नाही म्हणतायत."

"मी पाठवलाय. परत आला नाही माझ्याकडे. परत आला नाही म्हणजे पोचलाय. त्यांनीच शिकवलंय मला."

"अरे, पण..."

"पोचलाय आई. त्यांना बोलायचं नाहीये एवढंच."

फोन कुठल्यातरी बूथवरचा होता. त्यानंतर आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला माझ्या ऑफिसात सर्व्हरवाल्यांचा फोन. "टिपणीस, जरा येता का? एक बेरीज तपासायची आहे."

मी गेलो. मशीनवर आलेल्या-गेलेल्या प्रत्येक मेलची एक ओळ नोंद राहते, पुसलेल्याचीही. मजकूर नाही, नुसती नोंद. ती ओळ त्यांनी कागदावर उतरवून ठेवली होती. एक फुकट मेलचा पत्ता, मुलाचं नाव आणि पुढे पाच आकडे, पहिले चार गुणांचे. विषय रिकामा, दीड गुण. सगळी अक्षरं कॅपिटल, दोन गुण. पाठवणारं मशीन ब्लॅकलिस्टमध्ये, कुठल्यातरी सायबर कॅफेतलं असणार, अडीच. नावापुढे आकडे असलेला फुकट पत्ता, एक पूर्णांक एक.

"करा," ते म्हणाले.

मी केली. खालून वर, वरून खाली, मग सुटे दशांश वेगळे घेऊन. सात पूर्णांक एक.

"सातच आहे ना हद्द?"

"सात."

"कॅपिटलचा जो गुण वाढवला, तो काढला तर?"

"सहा पूर्णांक एक."

"म्हणजे फोल्डरमध्ये आलं असतं. मी सकाळी बघितलं असतं."

त्याचं खातं त्यांनी बंद केलं नसतं तर ते पत्र त्याच मशीनवरून त्याच मशीनवर आलं असतं, आणि फिल्टरने त्याला हातही लावला नसता. हे मी बोललो नाही. त्यांना ते माझ्याआधी कळलं होतं.

मग त्यांनी त्या ओळीतल्या शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं. पत्राचा आकार. दोन हजार एकशे चाळीस.

"यातून वरचा भाग वजा करायचा, कुठून कसं आलं तो. दीड हजार धरा. किती राहिली?"

"सहाशे चाळीस अक्षरं."

"बारा-तेरा ओळी," ते म्हणाले. "सहाशे चाळीस अक्षरांत माणूस शिव्याही घालू शकतो."

"शिव्यांना एवढी लागत नाहीत," मी म्हणालो.

ते हसले. त्यांना तसं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

त्याच दिवशी त्यांनी त्या पत्त्यावर उत्तर लिहिलं. उत्तर आलं नाही. आमच्या मशीनचा डाग अजून पुरता गेला नव्हता, कदाचित तिकडच्या फिल्टरने हे पत्रही बाजूला टाकलं असेल, म्हणून त्यांनी माझ्या फुकट मेलच्या पत्त्यावरून लिहिलं. मग मुनाफभाईंच्या भाच्याच्या पत्त्यावरून. एकूण सतरा पत्रं गेली, मी मोजत होतो. एकही परत आलं नाही.

"म्हणजे पोचली असतील," मी म्हणालो.

"ते आता मला सांगता येत नाही," ते म्हणाले. आयुष्यभराचा हिशेब एका जागी चुकलेला निघाला की पुढच्या कुठल्याच आकड्यावर विश्वास राहत नाही, तसा त्यांचा चेहरा होता.

मुनाफभाईंनी मेव्हण्याला कामाला लावलं. ते स्वतः वर येऊन बाकावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "दुकान सोडलं त्यानं. कुणी मस्कत म्हणतं, कुणी दोहा. मी तलाश चालू ठेवलीय, सर्व्हरवाले. अल्लाह मालिक आहे."

दहा महिन्यांनी त्या फुकट पत्त्यावर लिहिलेलं अठरावं पत्र परत आलं. असा पत्ता अस्तित्वात नाही, म्हणून. वापर नसला की त्या कंपन्या खातं पुसतात. सर्व्हरवाल्यांनी त्याचा प्रिंट काढला, घडी घातली आणि म्हणाले, "हे मात्र प्रामाणिक आहे."

यानंतरचं जे त्यांचं चित्र माझ्या डोळ्यांपुढे आहे ते सात वर्षांचं आहे, आणि त्यात काही घडत नाही.

सगळ्या गिऱ्हाइकांची पत्रं गिळणं त्यांनी बंद केलं होतं. स्वतःच्या पत्त्याचा तर फिल्टरच काढून टाकला. मुलगा कुठल्या पत्त्यावरून लिहील, कसल्या मशीनवरून, हे कुणाला ठाऊक? म्हणून सगळंच येऊ द्यायचं. रोज सातशे ते नऊशे मेल येत. सकाळी आठ ते नऊ ते ओळीवर बोट ठेवून एकेक नाव वाचत. विषय रिकामा असला की उघडत. कॅपिटलमध्ये असला की उघडत.

"आज अकरा लॉटऱ्या लागल्या, टिपणीस."

"पेढे?"

"त्या आफ्रिकेतल्या राजाची विधवा पुन्हा विचारतेय. फार एकटी आहे बिचारी. बँकेचा नंबर मागते."

"देऊन टाका."

"तुमच्या वहिनींना विचारतो."

रोज थोडंफार असंच. आपणही अशी माणसं बघितली असतील, ज्यांचं दुःख ठाऊक असल्यामुळे आपण त्यांच्याशी फक्त विनोदच करतो. मग ते यादीच्या तळाशी येत, चष्मा काढत आणि घरी एकच फोन करत. पलीकडून वहिनींचा प्रश्न मला ऐकू येत नसे. इकडचं उत्तर येई. "नाही अजून."

दरम्यान धंदा गेला. मोठ्या कंपन्या फुकटात मेल देऊ लागल्या, त्यांचे फिल्टर हुशार होते, आणि सर्व्हरवाल्यांकडे मात्र गिऱ्हाइकाला रोज दोनशे औषधांच्या जाहिराती दिसत. लोक सांगून सांगून कंटाळले. बासष्टाचे एकेचाळीस झाले, मग एकोणीस, मग सहा. शेवटी आमचं ऑफिसही त्यांना सोडून गेलं. मालकांना सांगायचा मी प्रयत्न केला, पण त्यांना सांगण्यासारखं कारण माझ्याजवळ नव्हतं. नेऱ्याचे शेठ मात्र टिकले. "त्या पोराला आमीच सीडी दिली व्हती," ते मला जिन्यात म्हणाले. "आमी कुटं जानार?" फार्महाऊसचे प्लॉट कधीच विकून झाले होते, मेल ते वापरतही नसत.

मुनाफभाई वारले. त्यांच्या दुकानात मोबाईलची कव्हरं आली.

आणि एका मार्चमध्ये सर्व्हरवाले खोलीचं कुलूप उघडताना जिन्यातच बसले, ते उठले नाहीत.

तेराव्यानंतर वहिनींनी मला एक पाकीट दिलं. त्यावर त्यांच्या स्टोअरकीपरी अक्षरात माझं नाव. आत पासवर्ड आणि एक ओळ: 'विषय रिकामा असेल तर उघडून बघावे.'

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला होईल का?"

मला झालं. ऑफिसला जाण्याआधी घरी पंचेचाळीस मिनिटं. एका मेलला तीन सेकंद. चौदा महिने मी ते केलं, एकही दिवस न चुकवता, कारण चुकवलेल्या दिवशीच आलं तर काय, हा विचार मला सोडत नसे. त्या चौदा महिन्यांत मला त्यांची सात वर्षं कळली. आधी वाटतं की आज येईल. मग वाटतं की येणार नाही. मग काहीच वाटत नाही, आणि तरी बोट ओळीवर असतं. सव्वाआठला मी वहिनींना फोन करत असे आणि सर्व्हरवाल्यांच्याच शब्दांत सांगत असे.

मग अमेरिकेतल्या कंपनीने कळवलं की जुनं मशीन बंद होतंय. सगळे पत्ते नव्या मशीनवर जातील. नव्यावर फिल्टर बंद ठेवण्याची सोय नाही. फार वाईट वाटेल ते मेल तो स्वतःच पुसेल. त्याची नोंदही आम्हाला दिसणार नाही.

मी दोन दिवस वाचलं, विचारलं, लिहिलं. एकच वाट निघत होती. पत्ताच अस्तित्वात नसेल तर मशीन पत्र आत घेतच नाही, फिल्टरकडे जाऊच देत नाही; दारातूनच, ज्या मशीनने आणलं त्याच्याच हातात परत लावतं, आणि परत लावताना आपण लिहून ठेवलेला निरोप पाठवणाऱ्याला देतं. पण त्यासाठी सर्व्हरवाल्यांचा पत्ता पुसावा लागणार होता.

मी वहिनींकडे गेलो आणि दोन्ही गोष्टी सांगितल्या. पत्ता ठेवला तर त्याचं पत्र गिळलं जाऊ शकतं. पुसला तर ते पत्र आपल्याला कधीच वाचायला मिळणार नाही, पण त्याला निरोप जाईल.

त्यांना विचार करायला वेळ लागला नाही. "परत पाठवा, गिळू नका, असंच म्हणायचे ना ते?"

निरोप काय लिहायचा यावर मात्र आमचा पाऊण तास गेला. मी लिहिलं होतं, 'बाबा गेले.' वहिनींनी ते खोडायला लावलं. "हे वाचलं तर तो येणारच नाही. मग कशाला यायचं, म्हणेल." मग आम्ही सर्व्हरवाल्यांचं जे सांगायचं राहिलं होतं तेवढंच लिहिलं. इंग्रजी अक्षरांत, मराठीत. मी विचारलं, "कॅपिटलमध्ये लिहू?" त्या म्हणाल्या, "त्याला तसंच वाचायची सवय आहे." म्हणून कॅपिटलमध्ये.

'तुझं पहिलं पत्र मिळालं नव्हतं. चूक बाबांची. घरचा फोन तोच आहे. आई.'

मी बोट वर धरलं. मग त्यांचा पत्ता पुसला.

गेल्या महिन्यात मी आकडे काढले. दिवसाला सरासरी सातशे चौऱ्याऐंशी पत्रं दारातून परत जातात. सगळ्या लॉटरीवाल्यांना, औषधवाल्यांना, राजाच्या विधवेला रोज कळतं की त्यांचं पहिलं पत्र मिळालं नव्हतं आणि चूक बाबांची. त्या सातशे चौऱ्याऐंशीत कधी एखादा माणूस होता का, हे कळायचा काही मार्ग मी ठेवलेला नाही. ठेवता येतच नव्हता.

वहिनींच्या घरी लँडलाइनचा फोन अजून आहे. त्यांच्या इमारतीत आता तेवढा एकच उरला असावा. लाइन मध्येच मरते आणि कळत नाही, म्हणून दर रविवारी सकाळी दहाला मी तो लावून बघतो. ही वेळ आम्ही ठरवून घेतली आहे. दहाला मीच असतो, हे त्यांना ठाऊक आहे.

तरी त्या पहिल्या घंटीलाच उचलतात, आणि क्षणभर काही बोलत नाहीत.

"मीच आहे, वहिनी," मी म्हणतो.